यादीत नसलेले धागे

माझ्या लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं की जावई कोर्टात आहेत. ते खोटं नव्हतं. पुढे तीनेक वर्षांनी त्यांच्याच गल्लीतल्या एका घरातून मी शिलाई मशीन उचलून बाहेर आणताना मेव्हण्याने मला पाहिलं, आणि कोर्टात म्हणजे नेमकं कुठे, हे सासुरवाडीला कळलं. मी बेलीफ होतो. नाशिकच्या दिवाणी कोर्टात, आणि मध्ये काही वर्षं येवल्याला बदलीवर, अशी सगळी नोकरी मी बेलीफ म्हणूनच काढली. मेव्हणा त्यानंतर बरेच दिवस मी घरी गेलो की दार उघडण्याआधी खिडकीतून बघायचा. गमतीने बघायचा असं तो म्हणे.

बेलीफ म्हटलं की लोकांना जप्ती आठवते. ती कामं होतीच, पण माझ्या वाट्याला जास्त आली ती लहान दाव्यांची. कुणाचं कपाट भावाकडे अडकलेलं, कुणाची सतार शिष्याने परत न केलेली, कुणाच्या ट्रंका खोली सोडताना घरमालकाने ठेवून घेतलेल्या. वस्तू बहुतेक जुन्या असत. नवी घेऊन मोकळं व्हावं, असं कुणीही म्हणेल. पण ती माणसं नवी घेत नसत. कोर्टाच्या बाकावर तारखांमागून तारखा बसून राहत आणि तीच वस्तू मागत. सुरुवातीला मला या हट्टाचं हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं.

काम समजायला सोपं आहे. वस्तू परत करा असा हुकूमनामा जज्ज साहेब देतात. समोरच्याने तो ऐकला नाही, तर जिंकलेल्या माणसाने पुन्हा एक अर्ज करायचा, त्याला दरखास्त म्हणतात. मग वॉरंट निघतं, त्याला वस्तूंची यादी जोडलेली असते, आणि आमचे नाझर साहेब, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, ते वॉरंट आमच्यापैकी एकाच्या हातावर ठेवतात. बेलिफाने त्या घरी जायचं, दोन पंच बोलवायचे, यादी वाचायची, एकेक वस्तू ताडून बाहेर काढायची आणि ज्याची त्याला द्यायची. शेवटी पंचनामा लिहायचा. त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: वस्तू सुस्थितीत मिळाल्या, तक्रार नाही.

या याद्या वाचण्यासारख्या असत. एका बाईने लिहून दिलं होतं, 'लोखंडी पलंग एक, कुरकुरणारा.' मी गेलो तर घरात पलंग दोन, दिसायला सारखे. मी आणि पंच आळीपाळीने दोन्हींवर बसलो, दोन्ही कुरकुरले. शेवटी ती बाई अंगणातूनच म्हणाली, "दुसऱ्यांदा वाजला तो." तिने तो न बघता ओळखला. माझ्या दोन्ही पंचांना त्यानंतर हसू आवरेना, मी मात्र वाकून सही घेण्याचं काम चालू ठेवलं.

नंतर सांगायची आहे त्या गोष्टीला गंगापूर रोडवरची एक फजिती कारणीभूत आहे, म्हणून ती आधी सांगतो. एका वयस्कर भाडेकरूचं सामान घरमालकाने अडवलं होतं. यादीत कपाट, रेडिओ आणि दोन ट्रंका. सामान काढून झाल्यावर म्हातारबुवांनी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "हा आमच्या हिच्या हौसेचा. यादीत घालायचा राहिला हो." त्यांचे डोळे भरून आले आणि माझं मन पाघळलं. मी बंब उचलला. आठ दिवसांत घरमालकाचा अर्ज आला आणि बंब त्याचाच असल्याची पावती त्याने दाखवली. म्हातारबुवा खोटं बोलले की त्यांना खरंच तसं आठवत होतं, हे मला आजही माहीत नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि तो बंब सायकलच्या कॅरिअरला बांधून भर दुपारी परत नेऊन द्यावा लागला. नाझर साहेब म्हणाले, "यादीत आहे ते आणायचं. यादीत नाही त्याला हात लावायचा नाही. दया घरी ठेवून येत जा." मी त्या दिवसापासून तसा वागलो. फार काटेकोर माणूस म्हणून माझं नाव झालं आणि मला ते आवडायलाही लागलं.

त्यानंतर माझी येवल्याला बदली झाली. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. घर नाशिकरोडलाच ठेवून मी रोज एसटीने जा-ये करायचो. तिथे रंजनाच्या मागाचं वॉरंट माझ्या हातात आलं.

रंजना विणकराची मुलगी, विणकराच्याच घरात दिलेली. येवल्यात पैठणीचे माग घरोघरी. तिच्या वडिलांनी लग्नात तिला भांड्याकुंड्यांबरोबर एक सागवानी हातमाग दिला होता, कारण दोन भावांपेक्षा तिचा हात चांगला होता. सासरी तिची सासू गोदाबाई. गोदाबाईंचा स्वतःचा माग जुना होऊन मोडला होता, त्यामुळे एका मागावर दोघी विणायच्या. सकाळी सासू बसायची, दुपारी सून. रंजनाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली आणि तिचा नवरा विलास काविळीने गेला. त्याच सुमारास तिकडे नाशिकरोडला मुलाकडे राहायला गेलेले तिचे वडील अंथरुणाला खिळले. रंजना त्यांच्या सेवेला म्हणून गेली आणि मग येवल्याला परत आली नाही. तिने निरोप पाठवला की माझा माग पाठवून द्या, मी इथे विणून पोट भरीन. गोदाबाईंनी उलट निरोप पाठवला की माग इथून हलणार नाही. दोघींमध्ये पत्रं झाली, नातेवाईक मध्ये पडले, शेवटी दावा झाला. तो चार वर्षं चालला. निकाल रंजनाच्या बाजूने लागला तोवर तिचे वडील वारले होते.

वॉरंटावर एकच वस्तू होती: हातमाग एक, सागवानी, सर्व भागांसह.

मंगळवारी सकाळी मी त्या गल्लीत गेलो. पंच व्हायला कुणीच तयार होईना. सगळी गल्ली विणकरांची आणि एकमेकांच्या नात्यातली, गोदाबाईंच्या विरोधात कागदावर सही कोण करणार? मी एसटी स्टँडवर परत गेलो आणि तिथला चहावाला आणि कांदा मार्केटमधला एक हमाल अशा दोघांना पंच म्हणून घेऊन आलो. दोघांनी आयुष्यात कधी माग जवळून पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला. आज वाटतं, त्या गल्लीतलं एखादं पोर जरी बरोबर असतं तरी पुढचं टळलं असतं.

रंजना टेम्पो घेऊन आली होती. मी तिला आत चला म्हणालो. ती म्हणाली, "नको साहेब. त्या घरात मी आता अशी कशी जाऊ? तुम्ही आणा, मी इथं थांबते." ती टेम्पोच्या सावलीत उभी राहिली, घराकडे पाठ करून.

आतल्या खोलीत जमिनीत खड्डा होता आणि त्यावर माग. गोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक चणीची, साठीच्या आसपासची बाई. मी वॉरंट वाचून दाखवलं. मागावर साडी नव्हती, ती विणून उतरवलेली होती. पण मागाच्या मधोमध एक लांबट फणी असते, केसांच्या फणीसारखेच पण फार बारीक दात असलेली, त्या फणीतून आणि तिच्या मागच्या दोऱ्यांच्या फासांतून हातभर लांबीचे रेशमी धागे लोंबत होते. जांभळे, हजारोंनी. पुढे-मागे त्यांच्या गाठी मारलेल्या.

मी विचारलं, "मावशी, हे रेशीम कोणाचं?"

"यापाऱ्याचं," त्या म्हणाल्या.

मला लगेच तो बंब आठवला. रेशीम व्यापाऱ्याचं, म्हणजे ते यादीत नाही, म्हणजे ते इथेच राहिलं पाहिजे. मी म्हणालो, "मग हे मी नेऊ शकत नाही. कात्री आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग उठल्या, कोनाड्यातून कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

मी गाठी कापल्या. मी आणि हमाल, आम्ही दोघांनी मिळून फणीतून तो एकूणएक धागा ओढून काढला. अर्धा तास लागला. सगळ्या धाग्यांची जुडी करून कोर्टाच्या फायलीची लाल दोरी बांधली, ती गोदाबाईंच्या हातावर ठेवली आणि मिळाल्याची त्यांची सहीसुद्धा घेतली. एक धागा इकडचा तिकडे झाला नाही याचा मला अभिमान वाटत होता. मग खांब, आडव्या दांड्या, फणी, सगळे भाग मोजून टेम्पोत चढवले. रंजनाने फणी हातात घेतली, तिच्या दातांवरून बोट फिरवलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार वर्षांनी वस्तू मिळाली की माणसं रडतात, मी कितीदा पाहिलं होतं. तिने न बोलता सही केली. मी वर लिहिलं होतं: माग सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती रोज माझी कामं ऐकायची, तिला त्यात रस होता. त्या दिवशी ऐकून ती एवढंच म्हणाली, "सासूने कात्री लगेच दिली?" मी म्हणालो, हो, लगेच. मग ती भाजी ढवळत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली परत नाशिकला झाली. एके दिवशी सीबीएस स्टँडजवळच्या आमच्या कोर्टात, नाझर साहेबांच्या खोलीत मी समन्सांची थप्पी लावत होतो आणि रंजना टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी ओळखलं, बसा म्हणालो. ती बसली नाही.

"साहेब, तक्रार नाही करायला आले," ती म्हणाली. "फक्त विचारायचं होतं. माझ्या फणीत धागे होते का हो तेव्हा?"

मी सरळ बसलो. "होते. पण ते व्यापाऱ्याचे होते, यादीत नव्हते. एकूणएक धागा काढून त्यांच्याकडे दिला, सही आहे."

तिने मला समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, अजिबात न रागावता.

विणकर फणी कधी रिकामी करत नाही. साडी उतरवली की हातभर धागे मागे ठेवतात. नवीन धागे आले की जुन्या प्रत्येक धाग्याला नवीन एक धागा जोडायचा आणि सगळे मिळून अलगद पुढे ओढून घ्यायचे. मग नवीन धागे आपोआप जुन्यांच्या वाटेने फणीत जाऊन बसतात. ते काम एकटी बाई करू शकते. पण एकदा फणी रिकामी झाली की एकेक धागा फासातून आणि दातातून नव्याने ओवावा लागतो. हजारो धागे. त्याला दोन माणसं लागतात, एक मागे बसून धागा देणारं, एक पुढे बसून आकड्याने ओढून घेणारं. दोन दिवस मोडतात, आणि एक धागा चुकला तर सगळी साडी चुकते.

"लग्नाच्या आधी वडलांनी ती भरली होती," रंजना म्हणाली. "मी मागं बसून एकेक धागा देत होते. त्यानंतर कधी मोडली नव्हती. इतक्या साड्या झाल्या, पण सगळ्या त्याच भरणीला जोडत गेल्या. वडील गेले तरी मला वाटायचं, त्यांनी भरलेली फणी आहे. माग म्हणजे मला तेवढंच पाहिजे होतं साहेब. लाकूड कुठंही मिळतं."

मी विचारलं, "मग आता विणता कशा?"

"नाही विणत. चार घरच्या पोळ्या लाटते. माग उभा केलाय, घरमालकाने खड्डा पण खणू दिला. पण भावांनी विणणं कधीच सोडलं, नाशिकरोडला फणी भरणारं कोण मिळणार? येवल्याच्या गल्लीत विचारून बघितलं, आत्याबाईंच्या मनाविरुद्ध कुणी यायला तयार नाही." सासूला ती आत्याबाई म्हणायची. टेबलावरच्या समन्सांकडे बघत ती म्हणाली, "आणि खरं सांगू? दुसऱ्या कुणाबरोबर भरायला मला बसवत पण नाही. वडलांनंतर तसा हात एकाच माणसाचा. त्यांच्याशी मी चार वर्षं भांडले."

ती गेली. मी समन्सांची थप्पी तशीच ठेवून कोर्टाच्या आवारात चहाला गेलो आणि चहा न पिताच परत आलो. माझ्या हातून नोकरीत बारीकसारीक चुका झाल्या होत्या, पण ही चूक मी नियमाने केली होती, मन लावून केली होती आणि वर तिची सही घेतली होती. 'सर्व भागांसह' असं जज्ज साहेबांनी लिहिलं होतं. तो धागा मागाचा भाग आहे हे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कात्री लगेच दिली म्हणालात तेव्हाच मला खटकलं होतं. आता तुम्हीच जा त्या सासूकडे. कागदाने होणारं काम नाही हे."

रविवारी सकाळी मी येवल्याची गाडी पकडली. बेलीफ म्हणून मी शेकडो दारं ठोठावली असतील, पण खिशात वॉरंट नसताना दुसऱ्याच्या दाराशी जाणं फार अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. गोदाबाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आता काय न्यायला आलात?" त्या म्हणाल्या. "काय नाय राह्यलं."

"कोर्टाचं काही काम नाही मावशी. माझ्या हातून चूक झाली, ती सांगायला आलोय."

त्यांनी मला आत घेतलं. मागाच्या खोलीत खड्डा तसाच होता, त्यावर फळी टाकलेली. मी रंजनाने सांगितलेलं सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं, म्हणालो. माहीत असतं तर हात लावला नसता.

गोदाबाई बराच वेळ लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं व्हतं."

मी खड्ड्यावरच्या फळीकडे पाहिलं.

"तुमी कात्री मागितली तवा एक शब्द बोलले आसते तर तुमी थांबला आसता. मी नाय बोलले. तिनं आत पाऊल टाकलं नाय, पाठ करून उभी व्हती, ते मला खिडकीतून दिसत व्हतं. म्हनलं, घेऊन जा लाकडं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "विलास गेला, आन् मग ती गेली. माग हितं हाय तवर कधीतरी येईल आसं वाटायचं. म्हनून दिला नाय. कोर्टात लय काय काय सांगितलं वकिलानं, पर खरं तेवढंच व्हतं. दुपारी मागावर बसायला कोनतरी येईल म्हनून मी सकाळचंच विनून उठायची. चार वर्षं. दुपारची मी कधी बसले नाय."

चार वर्षांच्या दाव्याची फाईल माझ्या हाताखालून गेली होती. त्यात जबाब होते, उलटतपासणी होती, पण हे कुठेच नव्हतं. मी उठलो. निघतो म्हणालो.

"नाशिकची गाडी किती वाजता हाय?" गोदाबाईंनी विचारलं.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि मांडीवर पिशवी घट्ट धरली. दोन दिवसांच्या कामाला एवढी मोठी पिशवी कशाला, हे मी विचारलं नाही. विंचूर आलं, निफाड आलं, त्या बाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तिनं दार लावून घेतलं तर?" मी म्हणालो, "मग मी बाहेर थांबेन, आपण परतीच्या गाडीने जाऊ." त्यांना ते पटलं असावं. सक्तीने आत शिरायची सवय असलेल्या माणसाला, कुणी दार उघडेल की नाही याची वाट बघणं जमत नाही.

रंजनाची खोली नाशिकरोडला एका चाळवजा ओळीच्या टोकाला होती. तिने दार उघडलं तेव्हा तिचे हात कणकेचे होते. ती आधी माझ्याकडे बघून काही बोलणार होती, मग मागे कोण आहे ते तिने पाहिलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, आणि तशीच पाया पडायला वाकली.

गोदाबाई दोन पावलं मागे सरकल्या. "हात धुवून घे आधी," त्या म्हणाल्या. "रेशमाला पीठ लागंल."

एवढंच. मी इतकी वर्षं भांडणारी माणसं समोरासमोर पाहिली होती, त्यांचे समेटही पाहिले होते, वकिलांनी लिहिलेले, दोन पानी. असा समेट मी पाहिला नव्हता. रंजना हात धुवायला मोरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. नळ चालूच होता.

गोदाबाईंनी पिशवी उघडली. वर ओवायचा आकडा होता, मग दोन लुगडी, आणखी दोन लुगडी, आणि तळाशी एका धुतलेल्या फडक्यात ते जांभळे धागे. मी बांधलेली जुडी त्यांनी सोडवली होती. गुंता काढून, विंचरून, शंभर-शंभर धाग्यांच्या लहान जुड्या केल्या होत्या आणि प्रत्येक जुडीला माझ्या त्या लाल दोरीचा तुकडा बांधला होता. व्यापाऱ्याला त्या तुटक्या तुकड्यांचा काही उपयोग नव्हता, त्याने ते मागितलेच नव्हते.

"तुमी गेलात त्याच दिवशी बसले व्हते निवडायला," त्या मला म्हणाल्या. "हेच भरू. हातभर हायेत, जोडायला पुरे."

रंजना आली. तिने फडक्याकडे पाहिलं, एका जुडीला बोट लावलं. मग मागाच्या पाठीमागे जाऊन बसली, लहानपणी वडिलांच्या समोर बसत असेल तशी. गोदाबाई पुढून खड्ड्यात उतरल्या. दोघींच्या मध्ये रिकामी फणी होती. गोदाबाईंनी पहिल्या दातातून आणि मागच्या फासातून आकडा पलीकडे सारला.

"दे," त्या म्हणाल्या.

रंजनाने धागा आकड्यावर ठेवला. तो इकडे आला. आकडा पुन्हा पलीकडे गेला. पहिल्या पाच-पंचवीस धाग्यांना गोदाबाई 'दे' म्हणत होत्या, मग म्हणायची गरज राहिली नाही. मी दाराशी स्टुलावर बसून बघत होतो. तासाभराने रंजना म्हणाली, "साहेब, पोळ्या करायच्या राहिल्या, तुम्हाला जेवायला काय देऊ?" मी म्हणालो, माझं घर दोन गल्ल्यांवर आहे, तुम्ही काम थांबवू नका. मी उठलो तेव्हा फणीच्या एका टोकाला दोन बोटं रुंदीची जांभळी पट्टी दिसायला लागली होती. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती ऐकताना रडली आणि मला म्हणाली की एकदा तो माग चालू झाला की मला ऐकायला न्या.

आम्ही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो. मला वाटायचं, बेलिफाने त्या दाराशी पुन्हा कशाला जायचं, त्यांना जुनं आठवेल. मग बायकोचं आजारपण आलं आणि ती गेली. मी निवृत्त झाल्यावर एकदा त्या ओळीकडे चालत गेलो. तिथे पाच मजली इमारत उभी होती आणि खालच्या दुकानदाराला आधी तिथे कोण राहायचं ते ठाऊक नव्हतं. येवल्याला जाऊन विचारता आलं असतं. दोनदा स्टँडवर गेलोही, पण गाडीत चढलो नाही. दोघींपैकी कोण असेल, कोण नसेल, ते ऐकायची मला भीती वाटते. न विचारता दोघी आहेत असं धरून चालता येतं.

कोर्टाच्या दप्तरात त्या दाव्याचा शेवट त्या मंगळवारी झाला आहे, माझ्या सहीने. ते खरं नाही. मागाचा ताबा त्या रविवारी दिला गेला, आणि त्याचा पंचनामा कुणी लिहिला नाही. म्हणून तो आज इथे लिहितो आहे. जागा: नाशिकरोड, एक खोली. वस्तू: हातमाग एक, सागवानी, सर्व भागांसह. देणार: गोदाबाई. घेणार: रंजना. पंच: कोणी नाही, मी एकटा. वस्तू सुस्थितीत मिळाली. तक्रार: आहे, एक, माझी. मला आणि माझ्या बायकोला तो माग चालताना ऐकायचा होता.